कापूस निघाल्यावर फेडायचं हसू

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका गावातून अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. बी.एस्सी. झालेला, घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. शिवाय तालुक्याच्या गावी एका कृषी केंद्रात काउंटरवर बसतो. लहानपणापासून पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि खडूसारखे पांढरे डाग. गावात निम्म्याअधिक लोकांचे दात असेच, म्हणून शाळेत कधी काही वाटलं नाही. कॉलेजला बाहेर गेल्यावर कळलं की सगळ्यांचे असे नसतात. तेव्हापासून हसताना हात आपोआप तोंडावर जातो. यंदा तीन ठिकाणी मुली पाहून झाल्या, तिन्हीकडून नकार. तिसऱ्या वेळी मामांनी निरोप आणला, "पोट्टीनं दात पाह्यले अन् नाही म्हटलं." त्याआधी एक स्थळ यांच्याच घरच्यांनी सोडलं होतं, "मुलगी जरा सावळी होती." नागपूरच्या एका क्लिनिकनं वरच्या आठ दातांना व्हिनियर, म्हणजे पुढून चिकटवायच्या पातळ पापड्या, बसवायचे ९६ हजार सांगितलेत. दोन भेटींत काम, हप्त्यांची सोय. पत्रात विचारलं आहे, "तुळशीचं लग्न झालं की स्थळं पुन्हा सुरू होतील. त्याआधी करून घेऊ काय? कापूस निघाला की फेडून टाकीन. आई म्हणते, दात बैलाचे पाह्यतेत, नवरदेवाचे नाही." शेवटी दोन ओळी जोडल्या आहेत: दिवसातून दोन-तीन खर्रे (तंबाखू-सुपारीचे) होतात, तेवढं एकच व्यसन. आणि भावाची दोन वर्षांची पोरगी हसली की तिचे तांदळासारखे दात पाहून हेवा वाटतो.

भाऊ,

तुमच्या आईचं वाक्य वाचून मी मोठ्यानं हसले. बाजारात बैलाचा जबडा उघडून दोनदाती की चारदाती पाहणारे आमचे आजोबा आठवले. तरी या बाबतीत मी आईच्या बाजूनं नाही. दहा वर्षं ज्याचा हात तोंडावर जातो आहे, त्याला "त्यानं काय होते?" म्हणणं सोपं असतं. दात चांगले दिसावेत असं वाटणं हा काही नखरा नाही. तेव्हा "करू नका" असं मी सांगणार नाही. पण तुळशीच्या लग्नाआधी, हप्त्यावर, आठच्या आठ दात एकदम, हे तिन्ही मला पटलेलं नाही.

आधी त्या नकारांचं पाहू. तीन नकारांपैकी दाताचं कारण एकदाच आलं, तेही मामांच्या तोंडून. मामांना कुणी सांगितलं? मुलीनं स्वतः की तिच्या काकानं? आपल्याकडे नकाराचं खरं कारण कोण सांगतं! पत्रिका जुळत नाही, मुलीला अजून शिकायचं आहे, यंदा कर्तव्य नाही. शेती करणाऱ्या मुलांची लग्नं आज विदर्भात गावोगाव अडलेली आहेत, हे काउंटरवर बसून तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ऐकत असाल. मुलीकडच्यांना नोकरी पाहिजे असते. पण "कोरडवाहूवाल्याला पोरगी देणार नाही" असं ते तुमच्या मामांना तोंडावर कसं म्हणतील? दात हे सांगायला सोपं कारण. ९६ हजार खर्चून पुढचा नकार पत्रिकेवर आला, तर तुम्ही काय बदलणार?

कदाचित त्या मुलीला खरंच दात खटकले असतील. तो तिचा हक्क आहे. तुमच्या घरानंही एका मुलीला रंगावरून सोडलंच आहे की. ती मुलगी या आठवड्यात कुठल्या क्रीमची चौकशी करत असेल, हे एकदा मनात आणून पाहा. मी टोमणा मारत नाही, पण तुम्ही पत्रात ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, म्हणून थांबले.

एक साधी गोष्ट आजच करता येईल. बायोडाटाला जो तोंड मिटलेला फोटो जोडता, तो काढून हसरा जोडा. खाली वाटल्यास लिहा, "गावच्या पाण्यामुळे दातांवर डाग आहेत." मग जे लोक येतील ते पाहून आलेले असतील, आणि पोहे खाऊन झाल्यावरचा निरोप निदान दातांचा नसेल.

आता दातांकडे. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ते फ्लोरोसिसचे डाग दिसतात. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे आणि तुमचा पट्टा त्यातला आहे. पुढचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षापासून बाहेर येऊ लागतात, पण त्यांचं वरचं कवच जन्मानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत हिरडीच्या आत घडत असतं. त्या काळात पोटात गेलेलं फ्लोराईड कवच नीट पक्कं होऊ देत नाही. दात बाहेर येतो तेव्हाच तो खडूसारखा असतो, पुढे त्यात रंग मुरून तपकिरी होतो. म्हणजे तुम्ही दात नीट घासले नाहीत म्हणून हे झालेलं नाही. आणि राखेनं, मिठानं किंवा कुठल्या लाल मंजनानं ते जाणारही नाही. उलट खरखरीत मंजनानं उरलंसुरलं कवच झिजतं.

पण भाऊ, तुमच्या दातांवरचं सगळंच तपकिरी पाण्याचं आहे का? दिवसाला तीन खर्रे दहा वर्षं म्हटलं तर दहा हजार खर्रे झाले. तंबाखू, सुपारी, चुना. त्याचा थर दाताच्या मागं आणि फटीत बसतो, तो रंग वेगळाच असतो. फ्लोरोसिसचा डाग बहुधा दोन्ही बाजूंना सारखा असतो, उजव्या सुळ्याला जसा तसाच डाव्याला. खर्ऱ्याचा रंग जिथं गोळी धरता त्या बाजूला जास्त. आरशासमोर उभं राहून पाहा. निम्मा काळेपणा साध्या सफाईत जाईल, असं मला वाटतं. सफाईनं दात हलतात ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. दात हलत असतात ते हिरडीच्या आजारानं. साचलेला थर निघाला की ते हलणं जाणवतं, इतकंच.

तिथंच उभे आहात तर आणखी एक करा. तोंड पूर्ण उघडा आणि तुमच्या हाताची मधली तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जातात? ठीक. दोनच जात असतील, किंवा तिखट खाल्लं की गालाच्या आत आग होत असेल, तर व्हिनियरचा विषय बाजूला ठेवा आणि आधी जिल्हा रुग्णालयात दंतविभागाला दाखवा. सुपारीनं तोंड हळूहळू आवळत जातं आणि त्याचा पुढे कर्करोग होऊ शकतो. हे पत्रात तुम्ही "तेवढं एकच व्यसन" म्हणून शेवटी टाकलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची आहे. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत फोनलाइन आहे, १८००-११-२३५६. कोणताही भला दंतवैद्य खर्रा सुरू असलेल्या तोंडात महागडं काम करायला कां-कूं करील. जो करत नाही त्याच्यापासून जपा.

मी डॉक्टर नाही. पण एका दाताचा अनुभव आहे. अकरा वर्षांची असताना बोरिंगवर पाणी भरताना दांडा उसळून माझ्या तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात तिरपा तुटला. त्याला दातासारख्याच रंगाचा मसाला, कंपोझिट, लावलेला आहे. एकदा ऊस सोलताना निघाला, एकदा भाजलेल्या चण्यानं, एकदा कशानं ते कळलंच नाही. तिन्ही वेळा तालुक्याच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासात पुन्हा लावून दिला. मध्ये एका शहरातल्या चकचकीत दवाखान्यात गेले होते. तिथं म्हणाले, "मॅडम, एकट्या दाताला काय करता, सहा कॅप करून घ्या, स्माईल एकसारखी दिसेल." तुटला होता एक दात आणि घासायचे होते सहा! मी चप्पल घातली आणि निघाले.

म्हणून सांगते, व्हिनियर म्हणजे काय ते आधी नीट समजून घ्या. दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायची चिनी मातीची, नखासारखी पातळ पापडी. ती बसावी म्हणून दाताचं कवच साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावं लागतं. आकडा बारीक वाटतो, पण पुढच्या दाताचं कवचच मुळात जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं. एकदा घासलं की ते परत येत नाही. नंतर कधी "नको, काढून टाका" म्हणता येत नाही, त्या दातावर जन्मभर काहीतरी असावंच लागतं. चांगलं काम दहा-पंधरा वर्षं टिकतं. तुम्ही अठ्ठावीसचे. म्हणजे चाळिशीत एकदा, पंचावन्नच्या आसपास पुन्हा, आणि त्यानंतरही. दर वेळी थोडा आणखी दात जातो, आणि पैसे तर जातातच. क्लिनिकनं हा हिशेब सांगितला होता का?

गंमत अशी की व्हिनियरच्या हसण्याला जे "हॉलिवूड स्माईल" म्हणतात, ते नाव ज्या गोष्टीवरून आलं, ती काढून ठेवता यायची. १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्यानं सिनेनटांसाठी दातांवर तात्पुरते चिकटवायचे पापुद्रे बनवले. चित्रीकरण संपलं की काढायचे, कारण ते घालून जेवता येत नसे. चिनी मातीची पापडी दाताला कायमची धरून राहू लागली ती १९८० नंतर. आपण मात्र नाव नटांचं घेतो आणि दात कायमचा घासतो.

बरं, व्हिनियरशिवाय काय आहे? बरंच आहे, आणि तुमच्यासारख्यांनी पायरी-पायरीनंच जावं. पहिली सफाई. त्यानंतर मायक्रोअ‍ॅब्रेजन: सौम्य आम्ल असलेली खरखरीत पेस्ट दातावर घासून डागाचा वरचा थर काढतात. जातो तो एक-दोन केसांच्या जाडीइतका थर. फ्लोरोसिसच्या वरवरच्या तपकिरी डागांना याचा चांगला उपयोग होतो, आणि एक-दोन बैठकींत फरक कळतो. मग ब्लीचिंग: दातांच्या मापाच्या पारदर्शक साच्यात जेल घालून रात्री लावायचं, दोन-तीन आठवडे. सुरुवातीला पांढरे डाग उलट जास्त उठून दिसतात, घाबरायचं नाही, बाकीचा दात उजळला की ते मिसळतात. काही दिवस थंड पाणी झोंबतं. खडूसारख्या पांढऱ्या डागांसाठी पातळ राळ मुरवायचाही एक उपाय आहे, तो मोठ्या ठिकाणी होतो.

एवढं करूनही दोन-चार दात खटकत राहिले, तर त्याच दातांना कंपोझिट. माझ्या दातासारखं. पाच-सात वर्षं टिकतं, त्यावर चहाचा आणि खर्ऱ्याचा रंग लवकर चढतो, हे खरं. पण दात फारसा घासावा लागत नाही, तुटलं तर जवळच दुरुस्त होतं आणि पुढे कधी व्हिनियर करायचं ठरलं तर वाट मोकळी राहते. ब्लीचिंग केलं असेल तर कंपोझिट चिकटवण्याआधी दोन आठवडे थांबावं लागतं, नाही तर पकड नीट येत नाही.

चिनी मातीचं व्हिनियर कुणासाठी? ज्यांच्या दातांना खड्डे पडलेत, कवच ढलप्या होऊन निघतंय, त्यांच्यासाठी तो खरोखर चांगला उपाय आहे. तुम्ही पट्टे आणि डाग लिहिलेत, खड्डे लिहिले नाहीत. शिवाय फ्लोरोसिसच्या दाताचं कवच आम्लाला दाद देत नाही, त्यामुळे चिकटवण्याआधी डॉक्टरला जास्त वेळ आणि काळजी घ्यावी लागते. हे दात रोज पाहिलेला माणूस हवा. त्या बाबतीत आपल्याकडचे डॉक्टर मुंबईपेक्षा सरस असतील, कारण असे दात त्यांच्यापुढे रोज येतात.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खेपा जास्त होतात, रांग असते, विद्यार्थी काम करतात आणि मागं शिक्षक उभे असतात. पण खर्च खूप कमी, आणि तुम्हाला आठ दात विकण्यात कुणाला रस नसतो. खाजगीत जायचं तरी चालेल, फक्त डॉक्टर बीडीएस किंवा एमडीएस आणि राज्य दंत परिषदेकडे नोंदलेला हवा. यात्रेत आणि पार्लरमध्येही हल्ली दात चिकटवून देतात म्हणे. तिकडे फिरकूही नका.

नागपूरच्या त्याच क्लिनिकमध्ये जाणार असाल, तर हे विचारा. दात फक्त पुढून घासणार की चारही बाजूंनी? चारही बाजूंनी म्हणाले, तर ते व्हिनियर म्हणून कॅप विकताहेत. मग आत दाताचा निमुळता खुंट तेवढा उरतो. न घासता नमुना दाखवाल का? दातांवर तात्पुरता मसाला लावून आरशात दाखवता येतं, त्याला मॉक-अप म्हणतात. ज्याला काम येतं तो हे दाखवायला आनंदानं तयार होतो. आणि खालच्या दातांचं काय? हसताना वरचे दिसतात, पण बोलताना बऱ्याच जणांचे खालचेच दिसतात. वर आठ पांढरे शुभ्र आणि खाली ते तपकिरी. काउंटरवर दिवसभर बोलणारा माणूस आहात तुम्ही.

काउंटरवरून आठवलं. खताच्या पोत्याची सुतळी दातानं तोडता ना? बियाण्याचं पाकीट? मला न सांगताच माहीत आहे, कृषी केंद्रातली कात्री कधी जागेवर नसते. व्हिनियर बसवल्यावर हे बंद. ऊस सोलणं बंद, कच्ची सुपारी तर बंदच. पापडीचा कपचा उडाला तर ती पूर्ण बदलावी लागू शकते, आणि त्यासाठी नागपूर. तुमच्या भागातून जाऊन-येऊन एक दिवस जातो, वेचणीच्या दिवसांत तो कुठून काढणार?

पैशाचं थोडक्यात. क्विंटलला आठ हजार धरले तर ९६ हजार म्हणजे बारा क्विंटल कापूस. तुमच्या पाच एकरांपैकी किमान दोन-अडीच एकरांचा माल आठ दातांवर, तोही बोंडं फुटायच्या आधी खर्ची पडलेला. बोंडअळी येते की नाही, भाव काय निघतो, हे तुम्हीच दिवसभर शेतकऱ्यांशी बोलता. हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतो. सफाई, मायक्रोअ‍ॅब्रेजन, ब्लीचिंग आणि दोन-तीन दातांना कंपोझिट, एवढं सगळं महाविद्यालयात केलंत तर यातला मोठा हिस्सा हातात राहील आणि कर्जही होणार नाही.

तुळशीच्या लग्नाआधी सफाई होईल, खर्रा सुटायला लागेल. कदाचित मायक्रोअ‍ॅब्रेजनची एक बैठकही होईल. तेवढ्यावर फोटो काढा. संक्रांतीच्या सुमारास, कापूस विकून झाल्यावर, पुन्हा आरशात पाहा आणि तेव्हाही व्हिनियर हवेसे वाटले तर खुशाल करा. फक्त त्या वेळी ते स्थळासाठी करताय की तुमच्या त्या तोंडावर जाणाऱ्या हातासाठी, हे स्वतःला ठाऊक असू द्या. हातासाठी असेल तर मी म्हणेन, दोन दात कमी करा पण करा.

आता तुमची शेवटची ओळ. भावाच्या पोरीचे दात तांदळासारखे आहेत. भाऊ, ते दुधाचे दात आहेत. त्यांच्यावर पाण्याचा परिणाम सहसा फारसा दिसत नाही. तुमचेही या वयात तसेच असतील, आईला विचारा. तिचे जे दात पुढे हसताना दिसणार आहेत, ते आत्ता, या महिन्यात, तिच्या हिरडीच्या आत घडताहेत. आणि तुमचं घर अजून त्याच बोरिंगचं पाणी पितंय की दुसरं, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. फडक्यानं गाळूनही जात नाही. आरओनं जातं. उथळ विहिरीच्या पाण्यात ते बहुधा कमी असतं, पण तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

तेव्हा नागपूरची अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी एक काम. एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको. बोरिंग पाच मिनिटं चालू द्या, त्याच पाण्यानं बाटली दोन-तीनदा विसळा, गच्च भरा, वर गावाचं नाव, कोणतं बोरिंग आणि तारीख लिहा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे द्या आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फ्लोराईडसाठी पाठवायला सांगा. टाळाटाळ झाली तर कृषी केंद्राच्या वाटेवर प्रयोगशाळेत तुम्हीच नेऊन द्या. आणि आकडा येईपर्यंत त्या पोरीच्या पेल्यात आरओचं पाणी.